पतसंस्थेचा सर्व्हर नेमका कुठे अडतो?

प्रश्न : आमची पतसंस्था लालबागला असून सुमारे १८,००० खाती आहेत. सात वर्षांपूर्वी घेतलेल्या एकाच विंडोज सर्व्हरवर सगळा कारभार चालतो. त्यात १६ जीबी रॅम आणि ७,२०० आरपीएमच्या दोन हार्ड डिस्क असून त्या मिरर पद्धतीने (दोन्हींवर तीच माहिती राहील अशा) जोडलेल्या आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला आमचा डेटाबेस आता ४० जीबीच्या घरात गेला आहे. सकाळी अकरानंतर पासबुक छापायला दिले की प्रिंटर ओळ छापून थांबतो आणि काउंटरसमोर रांग लागते. महिनाअखेरची व्याज आकारणी पूर्वी दहा मिनिटांत उरकत असे, तिला आता पाऊण तास लागतो. पुरवठादाराने दोन प्रोसेसर आणि एकूण ३२ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असलेल्या नव्या सर्व्हरचे दरपत्रक दिले आहे. संचालक मंडळाने ते मंजूर करावे का?
— सचिव, पतसंस्था, लालबाग

उत्तर : माझ्या मते, निदान आत्ता तरी करू नये. आपण दिलेल्या वर्णनावरून आपला प्रोसेसर कामाच्या ओझ्याखाली दबलेला नसून बराच वेळ डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहत बसलेला असावा, आणि वाट पाहणाऱ्यांची संख्या वाढवल्याने माहिती लवकर येत नाही.

अर्थात माझ्या अंदाजावर विसंबून न राहता हे आपल्याला स्वतः तपासता येईल. पुढच्या व्याज आकारणीच्या वेळी सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडा आणि डिस्कच्या पानावरचा ‘रिस्पॉन्स टाइम’ हा रकाना पाहा. तिथे मायएसक्यूएलच्या फायलींसमोर दहा-वीस किंवा त्याहून अधिक मिलिसेकंद सतत दिसत असतील आणि त्याच वेळी प्रोसेसरचा वापर नगण्य असेल, तर अडचण डिस्कचीच आहे. मात्र येथे एक फसगत होते. सर्व्हरला आठ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे कोअर) असतील आणि एकूण वापर १२ ते १३ टक्क्यांवर खिळून राहिला असेल, तर त्याचा अर्थ एक कोअर पूर्ण भरला आहे आणि बाकीचे सात रिकामे आहेत, असाही होऊ शकतो. मायएसक्यूएल एक क्वेरी (डेटाबेसकडे केलेली एक मागणी) साधारणपणे एकाच कोअरवर चालवते, त्यामुळे तशा परिस्थितीतही ३२ कोअरपेक्षा कमी कोअरचा, पण जास्त गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर अधिक उपयोगी पडतो.

आता डिस्कचा हिशेब मांडू. ७,२०० आरपीएमची तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे अधिक, जातात. हेडला योग्य वर्तुळावर सरकायला साधारण आठ ते नऊ मिलिसेकंद लागतात. अशा रीतीने विखुरलेल्या जागेवरचे एक वाचन साडेबारा मिलिसेकंदांच्या आसपास पडते, आणि सेकंदाला जेमतेम ८० वाचने होतात. व्याज काढताना प्रत्येक खात्यामागे डेटाबेसची दहा पाने डिस्कवरून आणावी लागतात असे धरले, तर १८,००० खात्यांसाठी १,८०,००० वाचने होतात आणि त्यातच साडेसदतीस मिनिटे जातात. शिवाय प्रत्येक खात्याची नोंद वेगळी कमिट (कायमची पक्की) होत असेल, तर दर वेळी डिस्कवर खात्रीने लिहून होईपर्यंत थांबावे लागते, ते निराळेच. आपला पाऊण तास इथेच जात असावा. मिररमुळे वाचनाचे काम दोन डिस्कवर वाटले जाते हे खरे, पण एकामागून एक खाते घेणाऱ्या कामाला त्याचा फारसा लाभ होत नाही. पूर्वी हेच काम दहा मिनिटांत होत असे, याचे कारण डेटाबेस लहान होता आणि त्याचा मोठा भाग रॅममध्येच मावत होता.

म्हणून पहिला खर्च रॅमवर करावा. मदरबोर्ड परवानगी देत असेल तर रॅम ६४ जीबीपर्यंत न्यावी, म्हणजे आपला जवळजवळ संपूर्ण डेटाबेस रॅममध्ये राहू शकेल. लॅमिंग्टन रोडवर रॅम घ्यायला जाण्याआधी सध्याच्या पट्टीवरचे लेबल नीट टिपून घ्यावे, कारण सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आणि साधी अनबफर्ड रॅम एकत्र चालत नाही. दुकानदाराने “चालून जाईल” म्हटले, तरी ती चालत नाही. पट्ट्या प्रोसेसरच्या मेमरी चॅनलनुसार (रॅमशी जोडणाऱ्या मार्गांनुसार) समान वाटून बसवाव्यात.

रॅम बसवली म्हणजे काम संपले, असेही नाही. गिरगावातल्या एका कार्यालयात ६४ जीबी रॅम बसवून दोन महिने उलटले तरी काडीचाही फरक पडला नाही म्हणून मला बोलावले होते. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले, तर मायएसक्यूएल मोजून काहीशे एमबी वापरत होते. इनोडीबी बफर पूलचा, म्हणजे मायएसक्यूएल डेटा रॅममध्ये ठेवते त्या जागेचा, आकार मुळात १२८ एमबी ठेवलेला असतो आणि तो कुणी बदललेलाच नव्हता. ती एक ओळ बदलून सेवा पुन्हा सुरू केल्यावर दुपारपर्यंत तक्रार उरली नाही. सर्व्हर केवळ डेटाबेससाठी असेल तर एकूण रॅमच्या ८० टक्क्यांपर्यंत जागा बफर पूलला देता येते. आपल्या सर्व्हरवर इतर कामेही चालत असल्याने ४० ते ४४ जीबीवर थांबणे बरे.

दुसरा खर्च एसएसडीचा, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कचा. तिथे एका वाचनाला साधारण एक दशांश मिलिसेकंद पुरतो, म्हणजे वरची १,८०,००० वाचने अठरा सेकंदांत होतात. मात्र घरगुती संगणकासाठी विकली जाणारी स्वस्त एसएसडी पतसंस्थेच्या सर्व्हरमध्ये बसवू नये. वीज अचानक गेल्यास वाटेत असलेली नोंद पुरी लिहून घेण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर ज्यात असतात, अशी सर्व्हरसाठीची एसएसडी घ्यावी. यामुळे नोंद सुरक्षित राहते आणि प्रत्येक कमिटला लागणारा वेळही बराच घटतो, हा दुहेरी लाभ आहे. दोन एसएसडी मिरर पद्धतीनेच जोडाव्यात. कुणी तीन घेऊन रेड ५ (माहिती आणि तिची पडताळणी-नोंद सर्व डिस्कवर वाटून ठेवणारी मांडणी) करा असे सुचवले तर नकार द्यावा, कारण त्या मांडणीत एका छोट्या लेखनासाठी दोन वाचने आणि दोन लेखने अशी चार कामे करावी लागतात. जुन्या हार्ड डिस्क अजून ठणठणीत असतील, तर त्या रोजच्या बॅकअपसाठी वेगळ्या संगणकात ठेवता येतील.

एवढे करूनही एखादा ठरावीक अहवाल रेंगाळत राहिला, तर स्लो क्वेरी लॉग (वेळ खाणाऱ्या क्वेरींची नोंद) सुरू करून सॉफ्टवेअर पुरवठादाराला दाखवावा. इंडेक्स (हवी ती नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसल्यामुळे संपूर्ण तक्ता वाचणारी क्वेरी नव्या यंत्रावर काही काळ लवकर धावेल, पण खाती वाढली की पुन्हा मंदावेल, आणि त्यासाठी हार्डवेअरवर पैसे घालणे मला पटत नाही.

प्रश्न : आमच्या औषध दुकानाचे सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस २०१९ या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसवर चालते. रॅम ८ वरून ३२ जीबी केली, तरी वेग तसाच आहे. रॅम सदोष असावी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : रॅमचा दोष बहुधा नाही. एक्सप्रेसच्या या आवृत्तीत डेटाबेसच्या बफरसाठी १,४१० एमबी इतकीच मर्यादा आहे, फार तर चार कोअर वापरता येतात आणि एका डेटाबेसचा आकार १० जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. तुम्ही घातलेली रॅम विंडोजला दिसते, पण डेटाबेसला ती वापरण्याची मुभाच नाही. रॅम परत करता येत असेल तर करा आणि ते पैसे एसएसडीसाठी ठेवा, कारण डिस्कच्या वेगावर एक्सप्रेसने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. तत्पूर्वी डेटा फाइलचा आकार मात्र आजच पाहून घ्या. तो ९ जीबीच्या पुढे गेला असेल, तर वेगापेक्षा मोठा प्रश्न जवळ आला आहे : दहाची मर्यादा गाठली की नवी बिले नोंदवणे थांबेल. जुन्या वर्षांची बिले वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवून घेण्याविषयी सॉफ्टवेअरवाल्याशी या आठवड्यातच बोला.