मेन रोडचा गाळा तुझ्या कामाचा नाही पोरी

पोरी,

ब्लाऊज शिवायच्या दुकानासाठी आपल्या सांगलीत कुठला गाळा भाड्यानं घेऊ म्हणून विचारणारा तुझा मेसेज काल रात्री वाचला, दोन्ही गाळ्यांचे फोटो पण बघितले. फोनवर सगळं बोलणं होत नाही आणि तू घाईघाईत टोकन देऊन मोकळी होशील म्हणून निवांत बसून लिहितोय. जरा लांबेल पण पूर्ण वाच.

आधी माझं मत सांगतो. मारुती रोडचा महिना १८ हजार भाड्याचा गाळा नको. विश्रामबागचा आतल्या गल्लीतला ८ हजाराचा बघण्यासारखा आहे, पण तो पण अजून फायनल करू नकोस.

तुला वाटतंय मेन रोडला बोर्ड लागला की गिऱ्हाईक वाढेल. वडापाव, मोबाईल कव्हर, ज्यूस असल्या धंद्याला ते खरंय, तिथं माणूस जाता जाता थांबतो. ब्लाऊजचं तसं नसतंय गं. बाई आपली पाच-सात हजाराची साडी अनोळखी टेलरकडं टाकत नाही, ती जावेला विचारते, शेजारणीला विचारते, तू शिवलेला ब्लाऊजचा गळा कुणाच्या अंगावर बघते आणि मग शोधत येते. म्हणजे तुझं गिऱ्हाईक शोधत येणारं आहे. मग त्याला दिसण्यासाठी महिना १० हजार जास्त कशाला मोजायचे? आता घरी बसून ज्या बायकांचं शिवतेस त्यांची वही काढ आणि कोण कुठं राहतं ते लिही. त्यातल्या बहुतेक विश्रामबाग, कॉलेज कॉर्नर, शंभर फुटी या बाजूच्या असणार. त्या मापाला एकदा, ट्रायलला एकदा, न्यायला एकदा अशा तीन खेपा करतात, बरोबर लहान पोरगं असतं, त्यांना मारुती रोडच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधायला लावलीस तर एखादी वैतागून दुसरीकडं जाईल.

हिशोब पण करून बघ. अस्तराच्या ब्लाऊजला तू ४५० घेतेस धरू. अस्तर, दोरा, हुक, कारागिराचे पीसप्रमाणे पैसे, लाईटबिल जाऊन हातात २०० राहतात असं समज. १८ हजार भाडं म्हणजे महिन्याला ९० ब्लाऊज नुसते मालकासाठी शिवायचे, त्यात तुझा एक रुपया नाही. ८ हजाराला तेच ४० होतात. लग्नसराईत आणि गौरी-गणपतीच्या आधी ९० काय दीडशे पण येतील, पण पितृपंधरवड्यात कोण ब्लाऊज टाकतंय? भाडं मात्र त्या महिन्यात पण तेवढंच द्यायचं. म्हणून गाळ्याचं भाडं नेहमी सगळ्यात पडत्या महिन्याला लावून बघायचं, सीझनला नाही.

आणि आपल्या सांगलीत राहून पूर कसा विसरशील? २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची आहे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा मारुती रोडच्या दुकानदारांनी काय सोसलं ते सगळ्या गावानं बघितलंय. तुझ्या दुकानात तर माल तुझा नसणार, लोकांच्या साड्या असणार, कुणाची पैठणी, कुणाच्या आईची जुनी इरकल, त्याची भरपाई पैशानं होत नाही. विश्रामबागची बाजू उंचावर आहे हे खरं, तरी मोठा पाऊस झाला की त्या गल्लीत पाणी तुंबतंय का ते शेजाऱ्याला विचार. शटर खाली ओढून बघ, खालच्या दोन-तीन पट्ट्याच गंजल्या असतील आणि आतल्या भिंतीला टाचेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे असतील तर पाणी आत येतंय, मालकानं कितीही नाही म्हटलं तरी.

गाळा एकदाच दुपारी बघून हो म्हणू नकोस. सकाळी ११ ला जा, संध्याकाळी ६ ला जा, रात्री ८ ला जा, एकदा रविवारी जा. समोर चहाच्या टपरीवर आईला घेऊन बस आणि बायका तिथं बिनघोर थांबतात का ते बघ. गल्लीतला दिवा लागतो का, जवळ दारूचं दुकान किंवा टवाळ पोरांचा अड्डा आहे का, कारण तुझी कारागीर बाई रात्री शटर ओढून एकटी निघणार. शेजारी पार्लर, मॅचिंग सेंटर, पिको-फॉल, ड्रायक्लीनिंग असेल तर फार चांगलं, एकमेकांकडं गिऱ्हाईक जातंय. मिरची कांडप किंवा गाड्यांचं गॅरेज भिंतीला लागून असेल तर मात्र सोडून दे, तो ठसका आणि ते ऑइल पांढऱ्या कापडाला परवडत नाही.

विश्रामबागच्या गाळ्याच्या फोटोत एक गोष्ट दिसली, शटरच्या वर बोर्डाच्या खिळ्यांची भोकं तीन वेगवेगळ्या उंचीवर आहेत. म्हणजे तीन तरी भाडेकरू येऊन गेलेत. ते का गेले हे मालकाला विचारू नकोस, शेजारच्या किराणावाल्याला विचार, आणि जमलं तर गेलेल्या भाडेकरूलाच फोन कर. डिपॉझिट परत मिळालं का एवढंच विचारलंस तरी पुष्कळ कळेल.

उजेड बघ. दोऱ्याचा रंग ट्यूबलाईटखाली एक दिसतो आणि बाहेर दुसराच, हे तुला मी काय सांगू. गाळ्याचं तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ऊन थेट आत येणार, शोकेसला लावलेलं कापड फिकं पडणार, उन्हाळ्यात मशीनवर बसवणार नाही. आणि बाथरूम! दहा-दहा तास तिथं बसणार आहेस, कॉमन असेल तर त्याची किल्ली कुणाकडं, पाणी येतं का, कडी लागते का, स्वतः आत जाऊन बघ. लाजायचं नाही यात.

आता कागद. मालक म्हणवणारा माणूस खरंच मालक आहे का, का तोच भाडेकरू आहे आणि तुला पोटभाडेकरू ठेवतोय? सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, लाईटबिल, तिन्हीवरची नावं जुळवून बघ. चार भावांची सामाईक जागा असेल तर चौघांच्या सह्या पाहिजेत. मीटर कमर्शियलच पाहिजे, घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर महावितरण दुप्पट दरानं बिल लावू शकतं आणि ते तुझ्या गळ्यात पडेल. मागची थकबाकी आहे का ते ग्राहक क्रमांक टाकून घरबसल्या दिसतं. इस्त्री, मशीनच्या मोटरी धरून लोड पुरतो का ते पण वायरमनला दाखव.

मालक म्हणेल ११ महिन्यांचं साधं स्टॅम्प पेपरवर करू, रजिस्टर कशाला. ऐकू नकोस. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं ११ महिन्यांचा करार पण रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. खर्च पण फार नाही. ३ वर्षं, ८ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट धरलं तर स्टॅम्प ड्युटी पाव टक्क्यानं साडेसातशेच्या आसपास बसते आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, एजंटचे वेगळे. रजिस्टर करार असला की बँकेत मुद्रा लोनला पण तोच कामाला येतो. तू फर्निचर, ट्रायल रूम यात लाखभर घालणार आणि वर्षाच्या आत मालकानं खाली कर म्हटलं तर? म्हणून करार ३ वर्षांचा माग, त्या काळात मालकानं काढायचं नाही आणि तू मात्र दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडू शकशील असं स्पष्ट लिहून घे. दरवर्षी वाढ किती टक्के, डिपॉझिट सोडल्यावर किती दिवसांत परत, रॅक आणि पंखे कुणाचे, शटर बिघडलं तर खर्च कुणाचा, सगळं त्यात आलं पाहिजे. फर्निचरच्या कामाचे १५-२० दिवस भाडं लावू नका म्हणून घासाघीस कर, बरेच मालक ऐकतात. पैसे कॅश देऊ नकोस, बँकेतून दे.

शॉप ॲक्टचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, टेन्शन घेऊ नकोस, थोडेच कामगार असले की ऑनलाईन सूचना द्यायची असते फक्त. बोर्ड मराठीत मोठ्या अक्षरात कर, तो तर नियमच आहे.

एजंट म्हणतोय उद्याच टोकन द्या नाहीतर गाळा जाईल. जाऊ दे गेला तर. रविवारी सकाळी मी रिकामा आहे, आईला घेऊन ये, आपण तिघं जाऊन बघू. त्याच्या आत करारनाम्याचा ड्राफ्ट मिळाला तर व्हॉट्सअपवर टाक, वाचल्याशिवाय सही करू नकोस.

तुझा काका