एम.एस्सी. ॲनालिटिकलच्या प्रोजेक्टमध्ये एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) मेथड चार महिन्यांत पूर्ण होते का?

होते, पण गोळीतलं एकच औषध घेतलंत आणि मशीनचे दिवस आधीच मागून ठेवलेत तर. मी असाच प्रोजेक्ट केलाय. व्हॅलिडेशन, म्हणजे मेथड भरवशाची आहे हे दाखवणं, मोजून होतं: आयसीएच क्यू२ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे लिनिॲरिटीला (औषधाच्या प्रमाणात सिग्नल वाढतो का) किमान ५ कॉन्सन्ट्रेशन्स, ॲक्युरसीला (आकडा खऱ्याच्या किती जवळ येतो) ३ पातळ्यांवर मिळून किमान ९ रीडिंग. खरा वेळ मोबाइल फेज (औषधाला मशीनमधून वाहून नेणारं द्रावण, बफर आणि मिथेनॉलसारख्या द्रवाचं मिश्रण) बसवण्यात जातो. बफरचा पीएच औषधाच्या पीकेएजवळ (ज्या पीएचला औषध अर्धं आयन रूपात असतं) असला की जरासा बदलला तरी पीक, म्हणजे आलेखावरचा औषधाचा उंचवटा, सरकतो. म्हणून पीएच मिथेनॉल मिसळायच्या आधीच लावा. आणि कृपा करून, फॉस्फेट बफरनंतर थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडू नका, क्षार कॉलममध्येच (घटक वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीत) बसतात. आधी भरपूर पाण्याचं मिश्रण चालवा. रक्तातलं औषध मोजायचं असेल तर मात्र चार महिन्यांचा भरवसा धरू नका, सॅम्पल स्वच्छ करण्यातच आठवडे जातात.