उरलेल्या चार टक्क्यांचं काय?

चि. वकीलबाईंस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कोर्टात तारखांशिवाय काही पदरात पडत नाही, एका राजकीय पक्षाकडून बोलावणं आलंय, आणि तो जॉर्जिया देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष साकाश्विली बघा ना सर, तोही आधी वकीलच होता! निम्मी फाईल वाचून युक्तिवादाला उभं राहायची तुझी खोड अजून गेलेली दिसत नाही.

आधी तुझी बाजू. मिखाईल साकाश्विली कीव्हमध्ये कायदा शिकला, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी केली, तिथल्याच एका फर्ममध्ये नोकरी केली. ती सोडून मायदेशी परतला आणि 1995 च्या निवडणुकीत खासदार झाला. ऑक्टोबर 2000 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी त्याला न्यायमंत्री केलं, तर या पठ्ठ्यानं सहकाऱ्यांच्या आलिशान बंगल्यांचे फोटो थेट मंत्रिमंडळाच्या बैठकीतच दाखवले. वर्षभरात राजीनामा. नोव्हेंबर 2003 मध्ये हातात गुलाब घेऊन समर्थकांसह संसदेत घुसला, शेवर्दनाद्झेंना जावं लागलं, आणि जानेवारी 2004 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी 96 टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष. चिरीमिरी खाणारे वाहतूक पोलीस हजारोंनी घरी पाठवले. सगळं खरं आहे. फोटोंचं वाचून मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पण 96 टक्के म्हटलं की मी सावध होतो. उरलेल्या चार टक्क्यांचं कोण ऐकणार? दुसरी बाजू ऐकायची, एवढं एकच तर आपल्याला येतं. बाकी कलमं कुणीही पाठ करतो.

त्यानं काय केलं? फेब्रुवारी 2004 मध्येच घटना बदलून राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढवले. त्याच सुमारास आरोपीनं सरकारी वकिलांशी तडजोड करायची सोय कायद्यात आणली. जुन्या राजवटीतली बडी मंडळी पकडायची, पैसे भरले की सोडायचं. शेवर्दनाद्झेंचा जावई दीड कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरून सुटला. लोक खूश, तिजोरीत पैसा. तो दोषी होता? असेलही. पण दोन्ही बाजू ऐकून तसं ठरवलं कुठल्या न्यायाधीशानं? पुढे तर शंभरात एक आरोपीसुद्धा निर्दोष सुटेनासा झाला. तू फौजदारी कामं बघितली आहेस, तूच सांग, असं कधी असतं का? अर्ध्या कोटीहून कमी वस्तीच्या देशात वीस हजारांवर माणसं तुरुंगात होती. आणि हे सगळं एका वकिलाच्या राज्यात.

7 नोव्हेंबर 2007 ला विरोधक राजधानी त्बिलिसीच्या रस्त्यावर होते. त्यांच्यावर अश्रुधूर आणि रबरी गोळ्या, आणि इमेदी वाहिनीच्या स्टुडिओत पोलीस. ज्याचं आंदोलन टीव्हीनं घरोघरी पोचवलं, त्यानंच टीव्ही बंद पाडला. 2012 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ग्लदानी तुरुंगातल्या छळाची चित्रफीत बाहेर आली आणि त्याचा पक्ष हरला. ऐकायला नकोच होतं ना काही? मग बघावं लागलं.

तू म्हणशील, सर, तुम्ही का नाही गेलात राजकारणात? गेलो असतो. नगरपालिकेचं तिकीट जवळजवळ हातात होतं. अट एकच, सगळं गाव ज्याच्या नावानं थुंकत होतं त्या आरोपीचं वकीलपत्र सोडायचं. मी सोडलं नाही. तिकीट दुसऱ्याला गेलं, आरोपीलाही शेवटी शिक्षा झाली, आणि बार रूममधले काहीजण माझ्या बाकावर बसेनासे झाले. नगराध्यक्ष झालो असतो तर वरच्या आळीला पाणी नक्की पोचवलं असतं, ही रुखरुख आहे. असू दे. त्या माणसाच्या बाजूनं कुणीतरी उभं राहायला हवंच होतं. हवंच होतं. यावर मला वाद नको, तुझ्याशी तर नकोच.

आणि हेच मी साकाश्विलीबद्दलही म्हणेन. 2018 मध्ये त्याच्या गैरहजेरीत दोन खटल्यांत त्याला शिक्षा झाली, एक खुनाच्या दोषींना माफी दिल्याबद्दल, दुसरी एका खासदाराला झालेल्या मारहाणीबद्दल. ऑक्टोबर 2021 मध्ये परतला, तेव्हा अटक झाली ती झालीच. मार्च 2025 मध्ये सरकारी पैशाच्या अफरातफरीबद्दल 9 वर्षांची शिक्षा. आरोपी समोर नसताना चाललेला खटला मला पटत नाही, आरोपी कुणीही असो. ज्यानं इतरांचं ऐकलं नाही त्याचंही पूर्ण ऐकायचं. हे ज्याला जड जातं त्यानं काळा कोट उतरवून दुकान टाकावं.

राजकारणात जायचं तर जा, मी कोण अडवणार? पण आधी एक काम. या पत्रात मी सरकारी वकिलासारखा बोललोय. 2008 मध्ये रशियाचं सैन्य देशात शिरलं ते, 2012 मध्ये आपल्या पक्षाची हार त्यानं टीव्हीवर येऊन मान्य केली ते, मुद्दाम गाळलंय. ते तू लिही. साकाश्विलीतर्फे कैफियत, माझ्या या पत्राविरुद्ध, शनिवारपर्यंत. पक्षाला काय ते त्यानंतर कळव. आणि टाइप करून पाठव, तुझं अक्षर मला लागत नाही.