वाचक विचारतात : आंब्रोळीच्या घरातली मडम

प्रश्न : आमची नात विल्सन कॉलेजात शिकते. ज्यांच्या नावाचं कॉलेज, ते जॉन विल्सन स्कॉटलंडहून आलेले पाद्री, एवढं आम्हाला ठाऊक. त्यांच्या पत्नीही इथे होत्या, असं नात परवा म्हणाली. परमुलखात, ओळखीचं कुणी नसताना ही नवराबायको दिवसभर करत तरी काय असतील? नुसतं बाटवणं?
– एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, तुमच्या ‘नुसतं’वर मला हसू आलं. बाटवायलासुद्धा आधी बोलता यावं लागतं! जॉन आणि मार्गारेट 1829 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. पहिले काही महिने गेले ते मराठी शिकण्यात, आणि तेही मुंबईत नव्हे, कोकणात, हर्णै-बाणकोटाकडे. तिथे स्कॉटिश मिशनची ठाणी आधीपासून होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला 1831 साली. म्हणजे या दोघांच्या हाती तोही नाही. समोर बसलेला माणूस बोलेल ते ऐकायचं आणि लिहून घ्यायचं.

हे कसं चालतं ते मी थोडं डोळ्यांनी पाहिलंय. माझे वडील मिशनऱ्यांना मराठी शिकवत. उन्हाळ्यात महाबळेश्वरला वर्ग भरत, तेव्हा मी शेपटासारखी त्यांच्याबरोबर. साहेबलोक व्याकरण घोकायचे, मडमा भाजी घ्यायला जायच्या. एकीला ‘ळ’ काही केल्या जमेना. ती म्हणायची “केली द्या”, भाजीवाली विचारायची, “काय केली?” महिनाभरानं तीच बाई टोपली पुढे करून म्हणाली, “मावशी, कालची केळी काळी निघाली, बदलून द्या.” नवरा तेव्हा अजून ‘मी जातो, तू जातोस’वरच होता. वडील म्हणत, परीक्षेत साहेब पुढे, बाजारात मडम.

मार्गारेटबाईंचं मात्र दोन्हीकडे चालायचं. गिरगावात आंब्रोळीला घर लागलं, आणि त्यांनी मुलींच्या शाळा काढायला घेतल्या. शिकलेली बाई विधवा होते असं लोक मानत, तो हा काळ. तेव्हा शाळा काढणं म्हणजे काय? आधी घरोघर जाऊन आयांशी बोलायचं. मग शिकवायला पंतोजी गाठायचा, कारण शिकवणारी बाई आणायची कुठून? मिशनच्या शाळांत पंतोजीचा पगार बऱ्याचदा पटावर ठरे, त्यामुळे पट फुगायला वेळ लागत नसे. तेव्हा मडमेनं अधूनमधून अचानक जाऊन डोकी मोजणं आलंच. (मी तीस वर्षं मास्तरकी केली. पट फुगवायची कला काही साहेबानं आणलेली नाही.)

घरी येऊन मुलं, आजारपणं आणि नवऱ्याच्या मासिकासाठी लिहिणं. 1830 साली जॉननं ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ सुरू केलं, त्यात त्यांचाही हात होता. नवरा हिवाळा आला की दौऱ्यावर, नाहीतर शास्त्र्यांशी वादात. 1831 सालचा मोरभट दांडेकरांशी झालेला वाद तर गाजलाच, आणि मोरभटांनी हिंदुधर्माची बाजू पुस्तक लिहून मांडली. वादाची नोंद राहते. त्या दिवशी घरात तांदूळ कुणी निवडले, तापलेल्या पोराच्या कपाळावर घड्या कुणी ठेवल्या, याची नोंद कोण ठेवणार?

आणि टपाल! मला विचाराल तर या लोकांची खरी परीक्षा तिथेच. पत्र आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजानं जायचं, चार-पाच महिने. 1830 मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, पण नियमित टपाल सुरू व्हायला पुढे बराच काळ लागला. “आईला बरं नाही” असं पत्र आलं, तर आई बरी झालेली असायची किंवा गेलेली असायची. तरी उत्तरात “आता कसं वाटतंय?” असंच लिहायचं. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी.

बाटवण्याचंही सांगते, टाळत नाही. हे लोक त्यासाठीच आले होते, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. 1839 साली जॉननं दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांची शाळा एकदम ओस पडली. मुलगा हातचा गेला म्हणून रडणाऱ्या पारशी आईचं दुःख मला खोटं वाटत नाही. पण हे बघायला मार्गारेटबाई नव्हत्या. 1835 च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईतच वारल्या, जेमतेम चाळिशीच्या. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जॉन गुजरात-काठेवाडच्या दौऱ्यावर होते. मुंबईत सगळे मिळून सहा वर्षांचा त्यांचा संसार. जॉन पुढे चाळीस वर्षं जगले, दुसरं लग्न केलं, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1875 साली इथेच वारले.

आता नातीसाठी एक काम. तिच्या कॉलेजपासून गावदेवी चालत पंधरा मिनिटं. तिथली सेंट कोलंबा शाळा 1832 सालची, मार्गारेटबाईंनी काढलेली, आणि अजून मुलींचीच. कॉलेज सुटल्यावर एकदा तिकडून जायला सांगा. पाच वाजता जाऊ नको म्हणावं, शाळा सुटलेली असेल. मुली बाहेर पडतात तेव्हा जा.