टाटांच्या जलविद्युत धरणांतलं पाणी कोकणात न नेता भीमेत सोडलं, तर आंतरराज्य पाणीवाटपाच्या निवाड्याचा भंग होईल का?

नाही. भीमा ज्या कृष्णा खोऱ्यात येते, त्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर घातली आहे ती कमाल मर्यादा: टाटा प्रकल्पांसाठी भीमा खोऱ्यातून एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे एवढं वळवलंच पाहिजे असं बंधन नाही, कमी वळवलं तर लवादाची आडकाठी नाही. पण हे पाणी भीमेत सोडा अशी मागणी करणाऱ्या सभांमधून एक गोष्ट कुणी सांगत नाही. हे पाणी महाराष्ट्राच्या ५६० टीएमसी वाट्यातूनच मोजलं जातं, त्यामुळे वीजनिर्मिती थांबवून राज्याचा वाटा वाढत नाही, फक्त वापराची जागा बदलते. खरी अडचण राज्यातच आहे. मुळशी, ठोकरवाडी, वळवण वगैरे धरणांवरचे कंपनीचे जुने हक्क हा एक भाग. दुसरा भाग घाटाखालचा: खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे वीज झाल्यावर तेच पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका नद्यांत उतरतं. तिथली गावं, शहरं, कारखाने त्यावर अवलंबून आहेत, त्यांची सोय आधी लावावी लागेल.