मोजे घालणं हाही व्यायामच

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेने हालचालींवर येणारी मर्यादा) त्याचे दोन्ही पाय ताठ आहेत, वॉकर धरून चालतो. आठवड्यातून दोनदा ओपीडीत फिजिओथेरपीला नेतो, पाऊण पाऊण तास. त्यातला निम्मा वेळ तो रडतो. घरी करायला बारा व्यायामांचा कागद दिलाय. नोकरी आणि धाकटी मुलगी सांभाळून त्यातले जेमतेम पाच होतात. दुसऱ्या एका मुलाला रोज दोन तास थेरपी देतात असं कळलं, तेव्हापासून मला झोप नाही. आम्ही कमी पडतोय का? हल्ली मी जवळ गेले तरी तो पाय आखडून घेतो.
– एक आई

उत्तर : ताई, आधी माझी एक चूक सांगते. या कामात नवी होते तेव्हा मी एका आईला चौदा व्यायाम लिहून दिले आणि रोज बरोबरची खूण करायला वही दिली. महिन्याने वही आली, एक रकाना रिकामा नाही. मी खूश! सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या होत्या, ते मला दिसलंच नाही. पुढे वर्षभराने तीच हसत म्हणाली, "तुमच्याकडे यायच्या आदल्या रात्री बसून भरायचे हो." तेव्हापासून मी घरासाठी दोनच गोष्टी सांगते. तिसरी सांगायची झाली, तर आधीची एक काढून घेते. तुमचा बाराचा कागद घेऊन जा आणि थेरपिस्टना स्पष्ट विचारा, यातले कुठले दोन ठेवू? त्यांना राग येणार नाही. आलाच तर येऊ द्या.

आता दोन तासांची गोष्ट. तुमच्या मुलाला आठवड्याला दीड तास थेरपी मिळते आणि जागेपणीचे तास असतात नव्वदच्या आसपास. दीडाचे तीन झाले, तरी बाकीचे तास कसे जातात यावरच जास्त अवलंबून असतं. ओपीडीतला वेळ मूल कुठे अडतंय ते बघायला, स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचा) लहान झालाय का ते तपासायला आणि पुढची युक्ती तुम्हाला शिकवायला आहे. तुम्ही बाहेर बाकावर बसत असाल, तर आत जाऊन बसा.

पाय ओढून ताणण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मिनिटभर ओढल्याने पोटरी लांब होत नाही. हाडं भराभर वाढतात, ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत, म्हणून उंची वाढण्याच्या दिवसांत टाच पुन्हा उचलली जाते. त्यावर उपयोग झालाच, तर तासन्‌तास टिकणाऱ्या ताणाचा होतो. स्प्लिंट किंवा उभं राहण्याची चौकट देतात ती त्यासाठीच. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लाली दिसली आणि ती अर्ध्या तासात गेली नाही, तर तो तसाच घालत राहू नका, दुरुस्त करून घ्या.

मग घरी करायचं काय? मुलाला विचारा, त्याला स्वतःचं स्वतः काय करायचंय. माझ्याकडच्या एका मुलाने सांगितलं, मोजे. मला वाटलं होतं तो 'धावायचंय' म्हणेल. मोजे घालायला त्याला बुटक्या स्टुलावर बसवलं : पाय जमिनीला टेकलेले, पाठीला आधार नाही. पुढे वाकून बोटांपर्यंत पोचायचं म्हणजे मांडीचे मागचे स्नायू ताणले जातात, कंबर तोल सांभाळते, दोन्ही हातांना काम मिळतं. पहिले काही दिवस आई मोजा टाचेपर्यंत चढवायची, तो फक्त वर ओढायचा. मग आईने घोट्यापाशी सोडला, मग बोटांपाशी. सकाळच्या घाईत मात्र हा प्रयोग नको, संध्याकाळी करा.

एक कटू गोष्ट लपवत नाही. 1997 साली पॅलिसानो या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या हालचालींचे पाच स्तर ठरवले, तेच आज सगळीकडे वापरतात. पत्रावरून तुमचा मुलगा तिसऱ्या स्तरावर, म्हणजे हाताने आधार धरून चालणाऱ्या मुलांत, असावा. नक्की तुमचे थेरपिस्ट सांगतील. पुढे 2002 मध्ये कॅनडातल्या 657 मुलांच्या पाहणीत दिसलं, की बसणं, उभं राहणं, चालणं यांतली बरीचशी मजल ही मुलं पाच वर्षांच्या आत गाठतात. त्यामुळे दुप्पट तास केले की वॉकर सुटेल, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. पण त्या पाहणीत मोजे नव्हते, मित्राच्या घरी जाणं नव्हतं. या गोष्टी शिकायला वयाची अट नाही.

आणि रडणं. त्याला नाटक समजू नका. कुठे दुखतं ते त्याला बोटाने दाखवायला सांगा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, आणि सुरुवातीला बाहेरून काही कळत नाही. शेवटचा खुब्याचा एक्स-रे कधी काढला होता, हे पुढच्या भेटीत आधी विचारा. तोवर घरातलं पाय ओढणं बंद ठेवा. त्याच्याजवळ नुसत्याच बसा, पायाला हात न लावता.

प्रश्न : अपघातात आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्याला मार लागला होता. आता चालते, बोलते, खेळते. तरी ओपीडी चालू ठेवायला सांगितलंय. शाळेतून तक्रारी येतात : दुपारी लक्ष नसतं, चिडते, वह्या विसरते. हा आळसच ना?
– एक बाबा

उत्तर : अपघाताआधी अशी होती का? नसेल, तर 'आळस' हा शब्द घरातून आणि शाळेतूनही हद्दपार करा. हाताला प्लास्टर असलं की वर्गात सगळे दप्तर उचलायला धावतात. हिचं दुखणं कुणाला दिसत नाही, एवढाच फरक. थकवा, एकाग्रता तुटणं, चटकन राग येणं हे डोक्याच्या मारानंतर नेहमी दिसतं. शिवाय नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळे काही अडचणी अभ्यास वाढल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी वर येतात. ओपीडी म्हणूनच सोडू नका. तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची) वेळ मागा, डोळे आणि कान तपासून घ्या.

आठवडाभर नुसती वेळ टिपा, ती कितीला चिडते ती. त्याच्या अर्धा तास आधी शाळेत तिला शांत जागी विश्रांती मिळू द्या. एका वेळी एकच सूचना. वह्यांची यादी दप्तराच्या झाकणाला आतून चिकटवा. सायकल आणि धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टर हो म्हणेपर्यंत नकोत. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झोपेतून उठवणं जड गेलं किंवा आकडीचा झटका आला, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता तिला तडक इमर्जन्सीत न्या.