५० इंचांची भानगड

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, जुलैमध्ये दोन फॅमिली मिळून मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात चाललोय आणि तिथे चार सीटची साइड-बाय-साइड (जंगलातल्या कच्च्या वाटांवर चालवायची उघडी गाडी) भाड्याने घेतलीय. मित्र म्हणतो सरकारी जंगल आहे, कुठंही घाल, कोण विचारतंय! खरंच असं चालतं का? आणि मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला थोडी चालवायला दिली तर?

उत्तर: मित्राच्या हातात आधी मेजरिंग टेप द्या. थट्टा नाही करत, मिशिगनमध्ये सगळी भानगड रुंदीची आहे. बोर्डावर ट्रेल लिहिलंय की रूट ते बघायचं. ओआरव्ही म्हणजे ऑफ-रोड व्हेइकल, तुमच्यासारख्या कच्च्या वाटांवरच्या गाड्या. ओआरव्ही ट्रेल म्हणजे ५० इंच किंवा त्याहून अरुंद गाड्यांसाठी, रूटवर सगळ्या साइझच्या चालतात, आणि काही वाटा तर फक्त मोटरसायकलच्या. चार सीटवाल्या बहुतेक गाड्या ६० इंचांच्या पुढेच असतात, म्हणजे तुम्ही रूटवाले. मी पहिल्या वर्षी ग्रेलिंगच्या बाजूला हाच शहाणपणा केला होता, म्हटलं जाईल की, आणि दोन जॅक पाइनच्या झाडांमधे गाडी अशी बसली की एका बाजूचा आरसा गेला आणि मग वळणावळणाच्या वाटेवरून रिव्हर्स घेत अर्धा तास मागे, बायको खाली उतरून "डावीकडे, अहो डावीकडे" करतेय.

कुठंही घाल हे तर विसराच. हायावाथा किंवा ओटावा नॅशनल फॉरेस्टमध्ये जाणार असाल तर त्यांचा मोटर व्हेइकल यूज मॅप फुकट मिळतो, त्यावर जो रस्ता नाही तो तुमच्यासाठी बंद, भले समोर मस्त रुंद दिसत असेल. तिथे नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मॅप आधीच डाउनलोड करा. ओआरव्ही लायसन्सचा स्टिकर २६.२५ डॉलर आणि ट्रेल परमिटचे वर १० डॉलर, भाड्याच्या गाडीवर हे लावलेलं असतं, पण निघण्याआधी डोळ्याने बघून घ्या, आणि तारीखही बघा कारण वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरतात.

मुलाचं म्हणाल तर १६च्या आतल्यांना सेफ्टी सर्टिफिकेट लागतं आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. त्यातून भाड्याची गाडी, म्हणजे करारात बहुतेक नाहीच म्हटलेलं असणार. नकोच.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. यातल्या बहुतेक गाड्यांत नेहमीच्या गिअरऐवजी रबरी बेल्ट असतो, खोल वाळूत किंवा चिखलात हाय रेंजमध्ये (म्हणजे वेगासाठीच्या सेटिंगवर) हळूहळू रेटत राहिलात की तो तापतो, जळक्या रबराचा वास आला की समजायचं बेल्ट जायला लागला, आणि भाड्याच्या गाडीचा बेल्ट तुटला तर बिल बहुधा तुमच्याच नावाने येतं. वाळू दिसली की लो रेंज (कमी वेग, जास्त जोर) टाका. दुपारी थांबाल तेव्हा सायलेन्सरजवळ अडकलेल्या पाइनच्या सुया काठीने काढून टाका, कोरड्या असल्या तर पेट घेतात. आणि डासांचं औषध जास्तच घ्या, जुलै आहे.

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये गर्दी कमी असते म्हणतात, तेव्हा गेलं तर?

उत्तर: १५ ते ३० नोव्हेंबर हरणांच्या शिकारीचा बंदूक सीझन असतो, त्या दिवसांत सरकारी जमिनीवर सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ५ नुसतं फिरायला ओआरव्ही काढता येत नाही. उरलेल्या वेळात जायचंच असेल तर भडक केशरी जॅकेट घालून जा. मी तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच उरकतो, पानंही रंगलेली असतात.